दुसऱ्यानं घातलेला घाट

बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल अरुंद जिन्यावरून खाली आणायचं असेल, तर ते कापावंच लागतं. कुठं कापायचं, हा खरा प्रश्न. मी तो एका संध्याकाळी घाईघाईनं सोडवला आणि त्या घाईची भरपाई करण्यात पुढचे सात महिने गेले.

टेबलावर रेल्वे होती. खडकवासल्याला आमच्यापासून चार घरं सोडून एक अभियंते राहायचे. आयुष्यभराची नोकरी त्यांनी इथल्याच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात केली आणि निवृत्तीनंतरची पंधरा-सोळा वर्षं वरच्या खोलीत ही रेल्वे बांधली. या छंदातले लोक तिला ‘लेआउट’ म्हणतात. मराठीत धड शब्द नाही. मांडणी म्हणावं तर डोळ्यांसमोर भांडी येतात. काका दोन वर्षांपूर्वी गेले. घर विकायचं ठरलं, तेव्हा काकू एका सकाळी मला म्हणाल्या, “तू फिजिक्स शिकवायचीस ना गं? मग ती गाडी तूच ने. नाहीतर भंगारवाला रूळ किलोनं नेईल आणि लाकूड बंबात जाईल.” मी हो म्हटलं. घर रिकामं करायला तीन आठवडे होते.

दुसऱ्यानं बांधलेला लेआउट घेणं म्हणजे जुनं घर घेण्यासारखं आहे, असं मला तेव्हा वाटत होतं : डागडुजी करायची, रंग द्यायचा, राहायला लागायचं. घराच्या भिंती कुठं असाव्यात हे गवंड्याचं शास्त्र ठरवतं. रेल्वेच्या बाबतीत मात्र बांधणाऱ्याच्या डोक्यात एक विशिष्ट जागा असते, एक विशिष्ट काळ असतो, आणि तो कुठंही लिहिलेला असेलच असं नाही.

आधी काय मिळालं ते सांगते. सागवानी चौकटीवर प्लायवूड, त्यावर मेर्कलिन या जर्मन कंपनीचे पत्र्याचे रूळ, एचओ म्हणजे ८७ पटींनी लहान प्रमाणाचे. दोन स्टेशनं : टेबलाच्या पुढच्या कडेला एक, मागे चौदा सेंटिमीटर उंचीवर दुसरं. मध्ये मातीचा डोंगर. डोंगर अगदी आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखा केलेला, विटांचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून गेरू. परदेशी पुस्तकं यासाठी प्लास्टरच्या पट्ट्या किंवा फोम सांगतात. काकांनी लहानपणी जे केलं असेल तेच मोठेपणी केलं. त्यामुळे डोंगराचं वजन चार माणसांना न पेलणारं होतं, आणि खालून एका कोपऱ्यात वाळवीही लागली होती.

दोन स्टेशनांना जोडणारे मार्गही दोन होते. एक बोगद्यातून जाणारा, त्याच्यावर विजेचे खांब आणि तारा. दुसऱ्यावर खांब नव्हते. तो चढत चढत डोंगराच्या कड्यापर्यंत जायचा आणि तिथं संपायचा. पुढं रूळ नाही, काही नाही, फुटभर दरी. गाडी तिथपर्यंत जाऊन थांबणार, मग सांधा बदलून उलटी मागे सरकत दुसऱ्या रुळानं वरच्या स्टेशनात जाणार. नियंत्रणाच्या फळीवर या मार्गांच्या बटणांखाली चिठ्ठ्या होत्या : ६३ आणि २९. मी ते सांध्यांचे क्रमांक समजले. सांधे सगळे मिळून नऊच होते, हे लक्षात येऊनही मला काही सुचलं नाही.

मला सुचली ती सुधारणा. एकाच ठिकाणी जायला दोन वाटा कशाला? त्यातली एक अडनिडी, अर्ध्यात संपणारी. ती काढली तर मालगाड्यांसाठी छान यार्ड होईल, आणि टेबल कापायची रेघही नेमकी तिथून सरळ जाईल. मी पक्कड घेऊन रूळ उचकटले, कड्याचा भाग छिन्नीनं फोडून गोणीत भरला, करवत चालवली. टेबलाचे तीन तुकडे झाले. ‘छोटा हत्ती’च्या दोन खेपांत सगळं कोल्हेवाडीच्या आमच्या नव्या खोलीत आलं. गोणी राडारोड्याबरोबर गेली. फळीवरच्या चिठ्ठ्या सोलून मी १ ते ९ असे नवे, नीटनेटके आकडे लावले.

पुढचे काही महिने विजेच्या आणि गंजाच्या कामात गेले. ते थोडं तपशिलानं सांगते, कारण जुना मेर्कलिन घरात असलेली माणसं महाराष्ट्रात वाटतात त्याहून जास्त असावीत; साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी प्रशिक्षणाहून येताना पेटीतून आणलेले.

बहुतेक खेळण्यातल्या रेल्वेत दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा असतात, एक धन, एक ऋण, आणि वीज एकदिश. मेर्कलिनची रीत वेगळी. दोन्ही रूळ मिळून एक तार, आणि दुसरी तार म्हणजे रुळांच्या मधोमध उभ्या असलेल्या बारीक खुंट्या. इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते, ती खुंट्यांवरून घासत जाते. वीज प्रत्यावर्ती, जास्तीत जास्त सोळा व्होल्ट. याचा फायदा असा की रूळ स्वतःभोवती वळवून उलटा आणून जोडला तरी शॉर्टसर्किट होत नाही, कारण डावा आणि उजवा रूळ विजेच्या दृष्टीनं एकच. तोटा असा की वीज प्रत्यावर्ती असल्यानं तारा उलटसुलट करून इंजिन मागे जात नाही. त्यासाठी क्षणभर चोवीस व्होल्टांचा झटका द्यायचा. त्यानं इंजिनातला रिले सरकतो आणि दिशा बदलते. इंजिनातल्या मोटारीत कायमचुंबक नसतो, तारेचं वेटोळं असतं. म्हणूनच पन्नास वर्षांनीही ती मोटार नव्यासारखी ओढते. चुंबक क्षीण व्हायचा प्रश्नच नाही.

प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा. जुना निळा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टांसाठी केलेला. आमच्याकडं रात्री मल्टिमीटर २४५ दाखवतो. त्या हिशेबानं चोवीसचा झटका सत्तावीसच्या आसपास जातो. रिलेची वेटोळी आणि बारीक दिवे यांना तो सोसत नाही. त्याहून वाईट म्हणजे मेन्सच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं. असा ट्रान्सफॉर्मर कितीही देखणा असला तरी भिंतीतल्या पिनेत घालायचा नाही. मी तो कपाटात ठेवला आणि तपकीर गल्लीत चौकशी करून एका गुंडाळणाऱ्याकडून २४० व्होल्टांसाठी नवा करून घेतला, फ्यूजसह.

पत्र्याच्या रुळांना धरणाकाठची हवा मानवत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडं कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तर पत्र्याचं काय सांगावं. पहिला मोह पॉलिशपेपरचा होतो. तो आवरावा. मुलामा एकदा निघाला की गंज दुप्पट वेगानं परततो. मी रुळांच्या माथ्यावर साधा खोडरबर फिरवला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसलं. खुंट्यांना तेच, पण एकेक, कापसाच्या काडीनं. खुंट्या मोजायचा प्रयत्न केला नाही. नंतर विजेचा दाब मोजला, तर ट्रान्सफॉर्मरपाशी सोळा आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला अकरा. रुळांच्या जोडांवरच्या पत्र्याच्या जिभा सैल झाल्या की प्रत्येक जोड थोडी थोडी वीज खातो. दर दीड मीटरवर खालून स्वतंत्र तारा आणून सोल्डर केल्यावर पलीकडंही साडेपंधरा आले. इंजिनांतलं तेल गोंदासारखं झालं होतं. घड्याळजी वापरतात त्या पांढऱ्या पेट्रोलनं चाकं धुतली आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढंच शिलाईयंत्राचं तेल दिलं. जास्त तेल हा कमी तेलापेक्षा मोठा शत्रू.

इंजिनं तीन होती. दोन वाफेची, काळी, लहान. तिसरं हिरवं, लांब नाकाचं, दोन्हीकडं उतरत्या सोंडा असलेलं : स्वित्झर्लंडच्या गोट्हार्ड घाटात चालणारं विजेचं इंजिन, ज्याला तिथले लोक मगर म्हणत. काका एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं तिकडं गेले होते, तेव्हाची ती आठवण असेल, असं समजून मी ते काचेच्या पेटीत ठेवलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मधला तुकडा ओलीनं फुगला. तो पालथा घातला, तेव्हा प्लायच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेले आकडे पहिल्यांदा दिसले. रूळ उचलून धरणाऱ्या प्रत्येक लाकडी ठोकळ्यापाशी त्याची मिलिमीटरमधली उंची, ड्रॉइंगवर लिहितात तशा तिरप्या अक्षरांत : ०, २७, ५४, ८१. ठोकळ्यांमधलं अंतर एक-एक मीटर. आणि जिथं मी रूळ उचकटले होते तिथं, करवतीनं अर्धवट कापलेलं, ‘रि. स्टे.’

मीटरला सत्तावीस मिलिमीटर म्हणजे सदतिसास एक. हा आकडा मी वाचलेला होता. मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक आहे. आणि रि. स्टे. म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन.

इथं चढाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. लेआउटमध्ये जवळजवळ सगळं लहान होतं, पण चढ होत नाही. तो उंची आणि अंतर यांचं गुणोत्तर आहे. दोन्ही ८७ पटींनी लहान केली तरी गुणोत्तर तेच राहतं. बोरघाटाची पूर्ण चढण ५५८ मीटरची, लांबी सुमारे पंचवीस किलोमीटर. ८७ नं भागलं तर सहा मीटर चाळीस सेंटिमीटर उंची आणि जवळपास तीनशे मीटर लांबी येते. त्यासाठी दुमजली घर आणि एक मैदान लागेल. काकांकडं बारा फुटांचं टेबल होतं. त्यांनी उंची सोडली, लांबी सोडली, वळणांची त्रिज्या सोडली (छत्तीस सेंटिमीटरचं वळण म्हणजे प्रत्यक्षात एकतीस मीटर) आणि न बदलता आणता येईल अशी एकच गोष्ट घाटातून आणली. चढ.

डोंगर मात्र त्यांनी अवाच्या सवा उंच केला होता. रूळ चौदा सेंटिमीटर चढतो आणि डोंगर सत्तर सेंटिमीटर. मी तोही छाटणार होते, प्रमाण चुकलं म्हणून. खडकवासल्यात राहून मला ही शंका यायला नको होती. आमच्या गावातल्या संशोधन केंद्राचा उभा जन्म प्रतिकृतींत गेला आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या छोट्या विभागातून ते वाढलं. नद्या, बंदरं, धरणांचे सांडवे इथं लहान करून बांधतात आणि त्यांतून खरं पाणी सोडतात. आता दोन किलोमीटर रुंद आणि पाच मीटर खोल नदी घ्या. ती ५०० पटींनी लहान केली, तर प्रतिकृती चार मीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल होईल. एक सेंटिमीटर पाणी नदीसारखं वागत नाही. तळाचं घर्षण आणि पृष्ठताण त्याला जखडून टाकतात. ते सांडलेल्या पाण्यासारखं वागतं. म्हणून आडवं प्रमाण ५०० ठेवून उभं प्रमाण १०० घेतात. पाणी पाच सेंटिमीटर होतं आणि वाहू लागतं. प्रतिकृती दिसायला खोटी होते, वागायला खरी. इंग्रजी अमदानीत या केंद्राची धुरा वाहणारे क्लॉड इंग्लिस यांनी पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाचा अभ्यास अशा प्रतिकृतींवर केला. तो रेल्वेपूल १९१५ साली खुला झाला आणि पुढं नदीनं त्याच्या बंधाऱ्यांवरच हल्ला चढवला. आज बांगलादेशात असलेल्या पुलाची काळजी त्या काळी पुण्याजवळच्या या गावात घेतली जात होती.

ज्या माणसाचं पोट उभी प्रमाणं ताणण्यावर चाललं, त्यानं डोंगर चुकून उंच केला असेल का? सत्तर सेंटिमीटरांच्या डोंगरापुढं चौदा सेंटिमीटर चढणारी गाडी खुजी दिसते, दमलेली दिसते. घाटात ती तशीच दिसते.

आता ६३ आणि २९. मुंबई-पुणे मार्गातला घाटाचा तुकडा सगळ्यात शेवटी झाला. खालून गाडी खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली, वरून पुणे ते खंडाळा १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधला डोंगर उतारू पालख्यांतून, तट्टांवरून चढत-उतरत होते. घाटातून आगगाडी सुरू झाली एप्रिल १८६३ मध्ये. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गात खंडाळ्याच्या खाली एका ठिकाणी अडचण होती : डोंगराची सोंड इतकी निमुळती की गाडीला वळसा घ्यायला जागाच नाही, आणि चढायचं तर अजून बरंच होतं. तोड अशी काढली की गाडीनं सरळ कड्याच्या टोकापर्यंत जायचं, थांबायचं, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि आलेल्या दिशेनंच, पण वरच्या रुळावरून, पुढं निघायचं. नागमोडी पायवाट चढताना आपण जसं तोंड फिरवतो तसं. हे रिव्हर्सिंग स्टेशन सासष्ट वर्षं चाललं. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग सरळ केला, विजेचे खांब पुण्यापर्यंत आले, आणि तोंड फिरवायची गरज संपली. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, दख्खनची राणी धावू लागली.

म्हणजे काकांच्या टेबलावर एकाच ठिकाणी जायच्या दोन वाटा नव्हत्याच. १८६३ ची वाट होती आणि १९२९ ची. पहिलीवर खांब नव्हते, कारण तिथं कधी वीज आलीच नाही. वाफेची इंजिनं दोन होती, कारण कड्यावर एक सुटतं तेव्हा दुसरं मागून लागतं. आणि स्वित्झर्लंडची ती मगर आठवण म्हणून आलेली नव्हती. घाटात वीज आली तेव्हा मालगाड्या ओढायला जी इंजिनं आणली, त्यांतली पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात झाली होती, मगरीच्याच घराण्यातली. तसंच लांब नाक, तसेच बाजूचे दांडे. आपल्याकडं रेल्वेचे लोक त्यांना खेकडा म्हणत. त्यांतला एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. भारतीय खेकड्याची प्रतिकृती बाजारात नव्हती. काकांनी त्याचा स्विस चुलता आणला.

चुलता अर्थात हुबेहूब नव्हे. एचओच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ८७ नं गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोपातला रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. भारतीय रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला हे पावणेतीन मिलिमीटर छळतात. काही जण चाकं आणि रूळ स्वतः रुंद करून घेतात, बहुतेक जण काणाडोळा करतात. काकांनी काणाडोळा केला होता आणि मीही करणार आहे. गंमत म्हणजे अरुंद रुळांना हा जाच नाही. नऊ मिलिमीटरचा एन गेज रूळ ८७ नं गुणला तर ७८३ येतात, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटांच्या, ७६२ मिलिमीटरांच्या, अगदी जवळ. कुणाला मराठी मुलखातली रेल्वे इमानेइतबारे करायची असेल तर बार्शी-पंढरपूर करावं.

मला हे सगळं कळलं तेव्हा कड्याचा डोंगर कचरा डेपोत जाऊन चार महिने झाले होते.

बोरघाटाविषयी मी मग मिळेल ते वाचलं, आणि वाचताना ज्या व्यक्तीपाशी थांबले ती अभियंता नव्हती. घाटाचं काम १८५६ मध्ये विल्यम फेव्हिएल या मक्तेदाराकडं सुरू झालं. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, मोठा दंगा झाला, आणि त्याच वर्षी फेव्हिएल यांनी मक्ता सोडला. तो सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतला. ते आले आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेले. पुढं त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी तो मक्ता पुरा केला. जागेवरचं काम ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांनी पाहिलं. अर्धे कोरलेले बोगदे, दुसऱ्यानं आखलेली रेषा, तिसऱ्यानं बिघडवलेले मजुरांशी संबंध, आणि १८६१ च्या सुमारास कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसं. त्यांतली किती कॉलऱ्यानं आणि तापानं गेली याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. इतिहासकार इयन कर यांनी या मजुरांवर लिहिलं आहे ते वाचवत नाही. टेबलावरच्या खेळण्याशी याची तुलना करण्याचा हेतू नाही. पण दुसऱ्याचं अर्धवट काम हाती घेताना काय काय हाती येतं, ते मला तिथं समजलं. ॲलिसबाईंनी रेषा बदलल्याचं कुठं दिसत नाही.

लेआउटचा वारसा पुण्यात आणखी एका ठिकाणी दिसतो. कर्वे रस्त्यालगत, कोथरूडच्या बाजूला, भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्या पिढीनं चालू ठेवलं. ऑगस्टमध्ये मी तिथं दोनदा जाऊन आले. तिथलं शहर युरोपी वळणाचं, गाड्या अनेक, आणि सगळं एका फळीवरून नियंत्रित. मी गाड्यांपेक्षा रुळांचे जोड बघत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलानं वडिलांना विचारलं, या गाडीत माणसं का नाहीत? वडील म्हणाले, ती उतरलीत.

दुरुस्तीसाठी आधार काय घ्यायचा? काकूंकडं एकच फोटो निघाला. नातवंडं टेबलापुढं ओळीनं उभी, आणि त्यांच्या डोक्यांमागं कड्याचा डावा अर्धा भाग. उजवा अर्धा एका नातीच्या वेणीआड. फोटोतल्या खांबाची उंची मला माहीत होती, त्यावरून बाकीची मापं काढली : कड्यावर दोन रूळ शेजारी, त्यांतल्या एकावर डबे सोडवणारा विद्युतचुंबकाचा तुकडा, टोकाला मातीचा अडथळा, मागे सिग्नलची केबिन. ठोकळ्यांच्या उंच्या प्लायखाली होत्याच. वेणीआडचं मी माझ्या अंदाजानं केलं. डोंगर पुन्हा गोणपाट आणि चिखलाचा. फक्त आतल्या विटांऐवजी थर्माकोल घातला, वाळवीला आणि पाठीला दोघांनाही बरं. यार्डाचा बेत सोडला. जिथं टेबल कापलं होतं तिथं आता पितळी खिळा-बोळ्यांचे जोड आहेत. पुढं कुणाला ते हलवायचं झालं तर करवत लागणार नाही. विजेच्या तारांना रंग ठरवून त्यांचा नकाशा फळीच्या मागं चिकटवला. मला तसा नकाशा मिळाला असता तर बरेच दिवस वाचले असते. पण काकांना तो कशाला लागणार होता? त्यांना सगळं पाठ होतं.

१ ते ९ आकडे काढून टाकले. ६३ आणि २९ च्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, माझ्या अक्षरात.

सप्टेंबरच्या शेवटी काकूंना बोलावलं. आता त्या मुलाकडं धायरीला असतात. त्यांनी आधी चहा घेतला, मग खुर्ची टेबलाच्या अगदी जवळ ओढून बसल्या. मी काळं इंजिन खालच्या स्टेशनातून सोडलं. तीन डबे घेऊन ते चढलं, कड्यावर थांबलं. चुंबकाचं बटण दाबलं, खट आवाज झाला, इंजिन सुटलं. मागून दुसरं येऊन लागलं. चोवीस व्होल्टांचा झटका दिला आणि गाडी उलटी निघाली.

“हे असंच व्हायचं,” काकू म्हणाल्या. “मी त्यांना म्हणायची, अहो, सरळ न्या की एकदाची. तर म्हणायचे, सरळ न्यायला काय, २९ आहेच.”

“तुम्हाला ६३ म्हणजे काय ते ठाऊक होतं?”

“मला काय माहीत! त्यांचे आकडे ते. पण तुझी केबिन चुकलीय हां. ती पलीकडं होती, पोरीच्या वेणीमागं.”

केबिन मी हलवली. एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. कड्यावरून मागे ढकलली जाणारी गाडी वरच्या सांध्यावर शेवटचा डबा पाडते, दहातून तीनदा. पुढं ओढताना पडत नाही, ढकलतानाच पडते. मोजून पाहिलं तर सांध्याखालचा ठोकळा काकांच्या आकड्यापेक्षा दोन मिलिमीटर उंच बसला आहे, कारण मी प्लाय नवा घातला आणि त्याची जाडी धरली नाही. तुळशीच्या लग्नानंतर हवा कोरडी झाली की तो तुकडा पुन्हा उचलणार आहे.